घरातला चाळीस लिटरचा समुद्र : कोल्हापुरात छोटी प्रवाळटाकी उभी करणे आणि जपणे

चाळीस लिटर पाणी म्हणजे न्हाणीघरातल्या दोन मोठ्या बादल्या. एवढ्याशा पाण्यात मऊ प्रवाळ, मासे आणि कोळंबी वर्षानुवर्षे सुखाने जगू शकतात, आणि तेही घाटाच्या अलीकडे, समुद्रापासून दूर असलेल्या कोल्हापुरात, हे मी माझ्या घरी अनुभवत आले आहे. या टाकीला पैशापेक्षा शिस्त अधिक लागते. खुल्या समुद्रात पाण्याचा खारेपणा, तापमान आणि त्यात विरघळलेले घटक एका दिवसात फारसे बदलत नाहीत, आणि प्रवाळांचे शरीर याच स्थैर्याला सरावलेले असते. तीनशे लिटरच्या टाकीत एखादी चूक पाण्यात मुरून जाते. चाळीस लिटरमध्ये सकाळी मेलेल्या एका माशाने संध्याकाळपर्यंत सगळे पाणी नासते. त्यामुळे पुढे सांगितलेले प्रत्येक काम अखेर एकाच हेतूने करायचे आहे : काल होते तसेच पाणी आजही ठेवणे.

खरेदीच्या आधी

काय पाळता येत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच यादीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत हे जीव आहेत, याची अनेकांना कल्पना नसते. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सापडलेला छिद्राछिद्रांचा पांढरा प्रवाळखडा आठवण म्हणून खिशात घालून आणणेही त्यामुळे कायद्यात बसत नाही, आणि मालवणच्या समुद्राचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झालेली असल्यामुळे खरेदीच्या वेळी लागू असलेली यादी स्वतः वाचावी किंवा वनविभागाच्या कार्यालयात विचारावे. विक्रेता ‘सगळे चालते’ म्हणाला तरी कठीण प्रवाळ घेऊ नये, आणि जे घ्याल त्याच्या जातीचे नाव पावतीवर लिहून घ्यावे.

यात नुकसान काहीच नाही. झोआंथिड, मशरूम कोरल आणि लेदर कोरल ही मऊ मंडळी छोट्या टाकीला अधिक मानवतात. त्यांना चुन्याचा दगडी सांगाडा बांधायचा नसल्यामुळे पाण्यातल्या कॅल्शियमची त्यांची मागणी थोडी असते, आणि ती आठवड्याच्या पाणीबदलातून सहज भागते.

टाकी आणि तिची जागा

४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी ६ मिलिमीटर काचेची टाकी स्थानिक टाकीवाल्याकडून करून घ्यावी. तिची क्षमता साधारण ४० लिटर होते. दगड आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी ३५ लिटरच्या आसपास उरते, आणि पुढची सगळी आकडेमोड या ३५ लिटरवरच करावी. याहून लहान टाकी पहिल्यांदा घेऊ नये. काच, पाणी, दगड मिळून वजन पन्नास-पंचावन्न किलोंवर जाते, तेव्हा टीपॉय किंवा टीव्हीचे हलके कपाट चालणार नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लोखंडी चौकट वेल्ड करून मिळते. मात्र खाऱ्या पाण्याचे शिंतोडे लोखंड फार लवकर खातात, म्हणून तिला पावडर कोटिंग करून घ्यावे आणि वर जाड प्लायवुड टाकून त्यावर थर्माकोलचा पातळ थर द्यावा. नवी टाकी आधी फरशीवर ठेवून साध्या पाण्याने दोन दिवस भरून पाहावी आणि कोपऱ्यांवरून कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला तर टाकी परत करावी.

जागा निवडताना पश्चिमेची खिडकी टाळावी, कारण उन्हाळ्यात दुपारचे ऊन थेट टाकीवर आले तर पाणी तापते आणि शेवाळ माजते. स्वयंपाकघरही टाळावे. तांबड्या रश्श्याच्या फोडणीचा तेलकट धूर पाण्याच्या पृष्ठभागावर तवंग होऊन बसतो, आणि त्या तवंगामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात नीट उतरत नाही. उदबत्ती आणि धूप दुसऱ्या खोलीत लावावेत. डासांसाठी भिंतीत लावायचे लिक्विड मशीन मात्र त्या खोलीत मुळीच नको, कारण त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके माशांना आणि विशेषतः कोळंबीला घातक असतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावून घ्याव्यात, हवापंप तेवढा वेळ बंद ठेवावा आणि टाकीवर ओले कापड टाकावे.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नये. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. प्रत्येक वायर सॉकेटपाशी येण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. आणि त्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

गोडे पाणी, मग खारे पाणी

या छंदातली बहुतेक अपयशे पाण्यापासून सुरू होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. नळाला येणारे पाणी पंचगंगेचे असो वा काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे, ते क्लोरीनने शुद्ध केलेले असते आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असे शेवाळाला पोसणारे घटक कमी-अधिक असू शकतात. बोअरचे पाणी त्याहून जड. घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणीही चालत नाही, कारण बहुतेक यंत्रांत चवीसाठी खनिजे पुन्हा मिसळलेली असतात. टाकीला लागते ते आरओनंतर डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांमधून, गेलेले पाणी. तीस-पस्तीस लिटरच्या टाकीसाठी लहान आरओ-डीआय संच पुरतो. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, त्याचे पाणी शून्य दाखवायला हवे, आणि आकडा २-३ वर गेला की रेझिन बदलायची वेळ झाली असे समजावे. यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला वापरता येते.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास घडू शकते, म्हणून बजावून सांगते. हे पाणी तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात कधीही साठवू नये. तांब्याचा अगदी अल्प अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारतो. माशांच्या काही औषधांतही तांबे असते, आणि ती औषधे मुख्य टाकीत घालू नयेत. सगळा व्यवहार खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकच्या कॅन आणि बादल्यांत करावा, आणि त्या बादल्यांना साबणाचा स्पर्श होऊ देऊ नये.

खारे पाणी घरी तयार करावे. रत्नागिरीहून कॅन भरून आणण्याचा मोह अनेकांना होतो, पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचे गोडे पाणी, गाळ आणि बोटींचे तेल मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात तर त्याचा खारेपणा रोज बदलतो. स्वयंपाकाचे खडे मीठही उपयोगाचे नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटत जाते तेव्हा चुना आणि जिप्सम आधीच तळाशी बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात निघून जाते. जे हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. प्रवाळांना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेटही लागतात, म्हणून रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठी, मिळणारे मिश्रमीठच घ्यावे.

लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिश्रमीठ लागते. नेमके प्रमाण पिशवीवर दिलेले असते. आधी पाणी घ्यावे आणि त्यात मीठ सोडावे. उलट केले, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतले, तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका धरतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. बादलीत छोटा पंप सोडून पाणी रात्रभर फिरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी मोजावे. खारेपणा हजारी ३५ (हजार ग्रॅम खाऱ्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, हे आपले लक्ष्य.

मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वळतो यावरून खारेपणा दाखवणारे उपकरण, घ्यावा, आणि तो साध्या पाण्याने शून्यावर जुळवण्यावर समाधान मानू नये, कारण शून्याला बरोबर असलेले उपकरण ३५ ला दोन-तीन अंकांनी चुकू शकते. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम डीआय पाण्यात विरघळवले की त्या द्रावणाचा प्रकाश-वक्रीभवनांक हजारी ३५ च्या समुद्रजलाइतका येतो. सोन्या-चांदीच्या वजनासाठी असतो तसला बारीक काटा मिळाला तर हे द्रावण घरी करता येते. दर महिन्याला त्याचा एक थेंब काचेवर ठेवावा, झाकण टेकवून आत बुडबुडा राहिला नाही ना हे पाहावे, अर्धा मिनिट थांबावे आणि मग खिडकीकडे धरून निळ्या-पांढऱ्या सीमेची रेघ ३५ वर आणावी. मी हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी करते आणि तारीख टाकीच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहिते.

दगड, वाळू आणि सहा आठवड्यांची वाट

बाजारात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे दगड पुष्कळदा मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे असतात. वर सांगितलेल्या कारणाने ते घेऊ नयेत. सिरॅमिकचे किंवा सिमेंट आणि ॲरागोनाइट (चुन्याचे एक खनिज) यांचे कृत्रिम सच्छिद्र दगड चार-पाच किलो घ्यावेत. पन्हाळ्याकडचा जांभा सच्छिद्र दिसतो आणि फुकट मिळतो, तरीही त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असल्यामुळे तो टाळावा. दगड काचेच्या तळावर थेट बसवावेत आणि मग भोवती दोन-तीन सेंटिमीटर ॲरागोनाइट वाळू पसरावी. वाळूवर दगड ठेवले तर खाली उकरणारा मासा किंवा खेकडा एखाद्या रात्री सगळी रचना पाडतो. मागच्या काचेपासून दगड थोडे पुढे ठेवावेत, म्हणजे पाणी मागूनही खेळते आणि काच साफ करता येते.

मागे टांगायचा लहान फिल्टर, त्यात स्पंज आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी, आणि तासाला सहाशे ते आठशे लिटर पाणी हलवणारा एक वेव्हमेकर, एवढे पुरे. मऊ प्रवाळांच्या या आकाराच्या टाकीला प्रोटीन स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्राची, गरज मला कधी वाटली नाही. त्याचे काम पाणीबदल करतो.

आता धीराची परीक्षा सुरू होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो, आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू दगडांच्या छिद्रांत वसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते वसेपर्यंत टाकीत कोणताही जीव सोडू नये. बाटलीतले जीवाणू घालून काळ थोडा कमी होतो. अन्न म्हणून अमोनियम क्लोराइडचे द्रावण अशा बेताने घालावे की चाचणी किटवर अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम दिसेल. ते न मिळाल्यास मासळी बाजारातली सोललेली एक लहान कोळंबी जाळीत बांधून सोडावी आणि कुजल्यावर काढून टाकावी. अमोनियाचा आकडा चढतो, मग नायट्राइट चढतो, मग दोन्ही उतरतात. एकदा घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसला, म्हणजे टाकी तयार झाली. अर्धे पाणी बदलून घ्यावे.

या काळात दिवा लावायची गरज नाही. पुढे दिवा लागला की दगडांवर आणि वाळूवर चॉकलेटी धूळ पसरते. ही डायटम जातीची शैवाले असतात आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यामागून हिरवे केसाळ शेवाळ येते. नवशिके लोक येथे घाबरून औषध ओततात. औषध ओतू नये. हाताने उपटावे, दिवा तासभर कमी करावा आणि तीन-चार सेरिथ गोगलगायी सोडाव्यात.

जीव आणण्याचा क्रम

पहिल्यांदा गोगलगायी, दोन आठवड्यांनी मशरूम आणि झोआंथिडचा एकेक छोटा तुकडा, आणि महिनाभराने मासे. या क्रमात घाई केली की नव्या जीवांची घाण पेलण्याइतके जीवाणू वाढलेले नसतात आणि अमोनिया परत डोके वर काढतो.

मासे म्हणून माझी शिफारस क्लाऊनफिशच्या एका लहान जोडीची आहे, आणि या टाकीत त्यापुढे एकही मासा नको. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची बंदिवासात पैदास करण्याचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून न पकडलेली पिल्ले मागून घेता येतात. ती टाकीतल्या आयुष्याला आणि दाणेदार खाद्याला आधीच सरावलेली असतात. दोन पिल्ले लहान-मोठी घ्यावीत. क्लाऊनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे आकारातला फरक असला की भांडण लवकर मिटते. त्यांच्यासाठी समुद्रफूल (सी ॲनिमोन) आणू नये. ते चालत फिरते, पंपात अडकून फाटते, आणि एवढ्या पाण्यात मेले तर सगळ्यांना घेऊन जाते. मुलांना चित्रपटामुळे हवासा वाटणारा निळा टँग मासा तर तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तो चाळीस लिटरमध्ये ठेवणे म्हणजे त्याचा छळ आहे.

मासे मुंबई-पुण्याहून किंवा चेन्नईहून पार्सलने येतात. विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा खारेपणा आधी विचारावा, कारण पुष्कळ जण माशांचे पाणी कमी खारट ठेवतात. तेवढ्याच खारेपणाचे पाणी एका वेगळ्या बादलीत तयार ठेवावे. पिशवी आधी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे. प्रवास थोडा झाला असेल तर पिशवीच्या पाण्यात नळीने थेंबथेंब टाकीचे पाणी तासभर सोडता येते. रात्रभराच्या प्रवासानंतर मात्र हे करू नये. बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होते आणि त्यात अमोनिया दबलेला राहतो. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच वाढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी मासा लगेच जुळत्या खारेपणाच्या बादलीत घ्यावा आणि तेथे एक-दोन दिवसांत खारेपणा हळूहळू वाढवून मग टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

सहा महिन्यांनी एक क्लीनर कोळंबी आणता येईल. एखाद्या सकाळी दगडाच्या पायथ्याशी ती आडवी, पारदर्शक, निर्जीव पडलेली दिसेल : लांब पांढऱ्या मिशा शाबूत, पाय शाबूत, डोळ्यांच्या जागी दोन रिकाम्या टोप्या. तो बहुधा तिने टाकलेला अंगरखा असतो. कोळंबी वाढताना कात टाकते आणि नवे कवच कडक होईपर्यंत दगडाआड लपून राहते. दोन दिवस तिला शोधू नये.

झोआंथिडबद्दल एक गंभीर इशारा. या गटातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये, कापताना चष्मा घालावा, आणि झोआंथिड असलेला दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याखाली घासू नये. त्या वाफेने घरातली माणसे दवाखान्यात पोहोचू शकतात. लहान मुलांना टाकीत हात घालू देऊ नये.

उजेड

मऊ प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशावर तयार केलेले अन्न प्रवाळाला देतात. निळसर झाक असलेला रीफ एलईडी दिवा टायमरवर रोज आठ तास लावावा. नव्या प्रवाळाला पहिले दोन आठवडे खाली, वाळूजवळ ठेवावे किंवा दिव्याची तीव्रता निम्मी करावी. मशरूम खालीच बरे. झोआंथिडचे देठ लांबट होऊन वर ताणू लागले तर उजेड कमी पडतो आहे, आणि ते मिटून राहू लागले तर तो जास्त होतो आहे, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

उन्हाळा आणि उडणारे पाणी

पाणी २५ ते २६ अंशांवर असावे. २९ च्या वर ते राहू लागले की प्रवाळ आपल्यातली शैवाले बाहेर टाकून पांढरी पडू लागतात, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो. महागडा चिलर न घेता एक साधा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा मारा करील असा लावला, तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आपल्याकडचा उन्हाळा कोकणापेक्षा कोरडा असल्यामुळे हा उपाय येथे चांगला लागू पडतो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी ५० वॅटचा हीटर हवा, आणि हीटरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर लावावा.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. ३५ लिटरमधून ३ लिटर पाणी उडाले तर खारेपणा हजारी ३५ वरून ३८ च्या पुढे जातो. म्हणून काचेच्या बाहेर पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टीची रेघ मारावी आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत डीआयचे गोडे पाणी घालावे. खारे पाणी घालू नये. ते फक्त पाणीबदलासाठी. काठावर जमणारी मिठाची पांढरी खपली ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

हा भेद माझ्या घरात एकदा महागात पडला. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गावाकडची मंडळी आली होती, म्हणून मी चार दिवस माहेरी होते. शेजारच्या काकूंनी आनंदाने रोज टाकी रेघेपर्यंत भरली. त्यांनी सांगितल्याप्रमाणेच केले होते; चूक माझी होती, कारण गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे दोन्ही कॅन एकाच रंगाचे, शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि त्यांच्यावर काहीही लिहिलेले नव्हते. मी आले तेव्हा झोआंथिडची सगळी तोंडे मिटलेली होती आणि रिफ्रॅक्टोमीटर ३८ दाखवत होता. खारेपणा एकदम उतरवणे हा दुसरा धक्का झाला असता. म्हणून रोज सुमारे ९०० मिलिलिटर टाकीचे पाणी काढून तेवढेच डीआयचे पाणी हळूहळू घातले, त्याने दिवसाला एक अंक उतरत गेला, आणि तीन दिवसांनी ३५ आला. पाचव्या दिवशी सकाळी हिरव्या झोआंथिडचे पहिले तोंड उघडले. आधी कडेचे केस बाहेर आले, मग मधली चकती सपाट झाली. दोन गोगलगायी मात्र वाचल्या नाहीत. तेव्हापासून खाऱ्या पाण्याच्या कॅनला लाल झाकण आहे आणि तो पलंगाखाली असतो.

आठवड्याचे काम

रोजच्या कामाला पाच मिनिटे पुरतात : रेघ पाहणे, तापमान पाहणे, खाद्य देणे आणि कोण कुठे आहे ते मोजणे. खाद्य मिनिटभरात संपेल एवढेच द्यावे. गोठवलेले खाद्य आधी डीआय पाण्यात विरघळवून गाळून घ्यावे, कारण त्या पाण्यातले फॉस्फेट शेवाळाला मिळते.

आठवड्यातून एकदा चार-साडेचार लिटर पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशी तयार असावे, आणि त्याचे तापमान व खारेपणा टाकीशी जुळलेला असावा. काच घासून, वाळूवरचा कचरा नळीने ओढत पाणी काढावे, स्पंज त्याच काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर त्यातले जीवाणू क्लोरीनने मरतात. कार्बनची पिशवी महिन्याने बदलावी.

चाचण्यांचे वेड लावून घेऊ नये. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम आणि क्षारशक्ती ८ ते ९ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) या पट्ट्यात आहेत ना, एवढे दर पंधरवड्याने पाहिले तरी पुरते. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा हट्टही नको. मऊ प्रवाळांना थोडे पोषण हवे असते, आणि निर्जंतुक वाटावे इतक्या स्वच्छ पाण्यात ती आक्रसतात.

वीज गेल्यावर

वळवाच्या पावसात तास-दोन तास वीज जाणे नेहमीचे आहे. तेवढ्याने काही बिघडत नाही, पण पाण्याची हालचाल थांबल्यावर प्राणवायू उतरू लागतो, म्हणून वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा हवापंप जवळ असावा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर जोडावा. दिवा आणि हीटर त्यावर टाकू नयेत. प्रवाळ अंधारात तीन-चार दिवस काढतात. वीज नसताना मासे उपाशी ठेवावेत, कारण खाल्लेल्या अन्नाला पचायलाही प्राणवायू लागतो आणि त्यातून अमोनिया वाढतो.

महापुराची तयारी वेगळी करावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा कित्येक दिवस बंद होता आणि अनेक भागांत वीजही नव्हती. त्या काळात आरओ-डीआय यंत्राला द्यायला पाणीच नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात वीस लिटरचे दोन कॅन डीआय पाण्याने भरून झाकून ठेवावेत, त्यातला एक मीठ घालून खारा करावा आणि त्याला लाल झाकण लावावे, हवापंपाच्या बॅटऱ्या नव्या घालाव्यात आणि अर्धा तास मुख्य स्विच बंद करून पंप खरोखर सुरू होतो की नाही हे पाहून ठेवावे.